आलापल्लीचा बांबू आणि लोखंडाची सळई

महाराष्ट्राचा नकाशा पुढ्यात घ्या. मुंबईवर एक बोट ठेवा. आता दुसरं बोट सरकवत सरकवत अगदी उजव्या टोकाला न्या. नागपूर मागे टाका, चंद्रपूर मागे टाका. जिथं महाराष्ट्र एका बाजूनं तेलंगणाला आणि दुसऱ्या बाजूनं छत्तीसगडला टेकतो, तिथं थांबा. हा गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून तो वेगळा झाला. या जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अहेरी गावाला लागूनच, आलापल्ली आहे.

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी करत एस. टी. आष्टीला येते. आष्टीच्या आधी वैनगंगेवरचा मोठा पूल लागतो. खिडकीशी जागा मिळाली असेल तर इथं बाहेर बघाच. पुढं चपराळ्याच्या जंगलाजवळ वर्धा नदी येऊन वैनगंगेला मिळते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. पूल ओलांडला की हळूहळू शेतं विरळ होतात आणि झाडी दाट होत जाते. आधी पळस, मोह, येन. मग साग. आणि सागाच्या पायाशी, नाल्याच्या काठाला, टेकडीच्या उताराला जिथं तिथं बांबूची बेटं!

‘पल्ली’ म्हणजे गाव. हा शब्द दक्षिणेकडचा. आलापल्ली, नागेपल्ली, एटापल्ली अशी नावं इथं पावलोपावली भेटतात. बाजारात उभं राहिलं की मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू आणि बंगाली अशा पाच भाषा कानावर पडतात. आपण ज्याला वेळू म्हणतो त्याला तेलुगू बोलणारा दुकानदार ‘वेदुरु’ म्हणतो. वेळू आणि वेदुरु, ऐकायला किती जवळचे!

आलापल्लीच्या चौकातून रस्ते फुटतात. एक सिरोंच्याकडे, एक भामरागड-एटापल्लीकडे, एक अहेरीकडे आणि एक आपण आलो तो. या चौकात तासभर उभं राहिलं तरी या मुलखाची संपत्ती डोळ्यांसमोरून जाते. सागाचे ओंडके लादलेला ट्रक जातो. बांबूच्या बंडलांची गाडी जाते. आणि एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचं खोदकाम वाढल्यापासून, म्हणजे साधारण २०२१ नंतर, लाल-तपकिरी खनिजानं भरलेल्या ट्रकांची रांगच या वाटेवर दिसू लागली. ते खनिज वितळवायचं, त्याचं लोखंड करायचं, लोखंडाचं पोलाद, आणि पोलादाच्या सळया. त्या सळया परत याच रस्त्यानं, विकत घेऊन, इथल्या घरांसाठी येतात.

म्हणजे एकाच रस्त्यावर बांबूही आहे आणि लोखंडही. या दोघांची गाठ कुठं पडते, तेच आज बघायचं आहे.

आधी बांबूची नीट ओळख करून घेऊ. दिसायला झाडासारखा असला तरी बांबू हे गवत आहे. गहू, ज्वारी, ऊस यांचा हा थोरला भाऊ. आलापल्लीच्या जंगलात मुख्यतः मानवेल नावाचा बांबू आहे. कोरड्या जागी वाढलेला मानवेल आतून जवळजवळ भरीव असतो. बासरीसारखा पोकळ नसतो. म्हणूनच पूर्वी पोलिसांच्या आणि पहिलवानांच्या लाठ्या याच्याच होत. पावसाळ्यात जमिनीतून जाड, टोकदार कोंब वर येतो आणि काही महिन्यांतच आपली पूर्ण उंची गाठतो. पुढच्या वर्षी तो आणखी उंच होत नाही, जाडही होत नाही. मग तीन वर्षं तो करतो काय? आतून पक्का होतो! म्हणून पहिल्या वर्षाचा हिरवागार, गुळगुळीत बांबू दिसायला देखणा असला तरी जाणता माणूस त्याला हात लावत नाही. तीन वर्षांचा, थोडा मळकट, पांढुरके डाग पडलेला बांबू तो निवडतो.

त्या कोवळ्या कोंबांना इकडं ‘वास्ते’ म्हणतात. ते बारीक चिरून, पाण्यात भिजवून, पाणी बदलून भाजी करतात. पाणी नीट बदललं नाही तर कडूजार लागते. पहिल्या घासाला मला ती भाजी विचित्र वाटली, तिसऱ्या घासाला आवडली. पण सगळेच कोंब खाल्ले तर पुढच्या वर्षी बांबू कुठून येणार? म्हणून बेटातले काही कोंब राखायचे, हे इथं लहान मुलांनाही ठाऊक असतं.

आता मूळ मुद्दा. आलापल्लीत एका घराचं बांधकाम चाललं होतं. गिट्टीचा ढीग, रेतीचा ढीग, सिमेंटची पोती आणि कडेला गंजू लागलेल्या सळयांचा भारा. सळयांवर बसून आठवीतला एक मुलगा गवंड्याचं काम बघत होता. घर त्याच्याच मामाचं. मी बोलत उभा राहिलो तेव्हा त्यानं सरळच विचारलं, “काका, इतक्या दुरून लोखंड काऊन आणतात? आपल्याइथं बांबू का कमी आहे? स्लॅबमधी बांबूच टाकला तर नाही चालत का जी?”

गवंडी हसला. पण हसण्यासारखा प्रश्न नव्हता तो. जगातल्या मोठमोठ्या इंजिनिअरांना हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षं पडलेला आहे. आणि इथं तर तो अगदी पोटापाण्याचा आहे. सळईची किंमत जास्त, त्यात आलापल्लीपासून पुढच्या गावांना नेण्याचा खर्च वेगळा. भामरागडच्या बाजूला तर पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की कित्येकदा रस्ताच बंद पडलेला आहे. आणि बांबू? तो घरामागं उभा!

उत्तर शोधायचं तर आधी हे बघायला हवं की सिमेंटच्या काँक्रीटमध्ये सळई घालतात तरी कशाला. काँक्रीट तर दगडासारखं घट्ट असतं. मग?

शाळेतला एक खडू घ्या. त्याला दोन्ही टोकांकडून, दोन तळहातांत धरून दाबा. सहजी तुटत नाही. आता तोच खडू दोन्ही हातांनी वाकवा. टक्! झाले दोन तुकडे. आता एक लांबट खोडरबर घ्या. त्याच्या कडेच्या बाजूवर पेनानं सारख्या अंतरावर उभ्या रेघा मारा. दोन पुस्तकांवर त्याची टोकं टेकवून मधोमध बोटानं खाली दाबा आणि रेघांकडे बघा. वरच्या बाजूला रेघा एकमेकींजवळ आल्या, खालच्या बाजूला त्या फाकल्या. म्हणजे एकाच खोडरबराचा वरचा भाग दाबला जातोय आणि खालचा ताणला जातोय.

घराच्या स्लॅबचं आणि तुळईचंही असंच होतं. काँक्रीटला दाब खूप सोसतो, पण ताण अजिबात आवडत नाही. दाबाच्या मानानं जेमतेम दहावा हिस्सा ताण त्याला झेपतो. म्हणून जिथं ताण पडतो तिथं, म्हणजे स्लॅबच्या खालच्या अंगाला, सळई घालतात. ताण आला की सळई म्हणते, मी बघते. (खिडकीवरच्या छज्जाचं मात्र उलटं. तो एकाच बाजूनं भिंतीत रोवलेला, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो. तिथं सळई वर लागते. का, ते खोडरबर एका टोकाला धरून बघा.) ही युक्ती जगाला दाखवली ती कुणी मोठ्या शास्त्रज्ञानं नव्हे. जोसेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्याला झाडांच्या कुंड्या फुटू नयेत असं वाटत होतं. सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालून त्यानं कुंड्या केल्या आणि १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं. आजच्या सगळ्या उंच इमारती त्या कुंड्यांच्या नातवंडं-पतवंडं!

आता लोखंडाच्या जागी बांबू. १९१४ साली अमेरिकेत एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत चौ नावाच्या विद्यार्थ्यानं यावर प्रबंध लिहिला. पुढं जर्मनीत प्रयोग झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे लोखंडाची चणचण होती, तेव्हा अमेरिकेतल्या क्लेमसन इथं ग्लेन यांनी बांबू घातलेल्या तुळया तर केल्याच, खऱ्या इमारतीही उभ्या करून पाहिल्या आणि १९५० साली त्याचा अहवाल छापला. १९६६ साली अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेनं बांबू-काँक्रीट कसं करावं याची पुस्तिकाच काढली. १९७९ पासून ब्राझीलमधल्या रिओ शहरात खोस्रो गवामी या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं. बांबूला डांबरासारखं लेपन करायचं, वरून वाळू चिकटवायची, तार गुंडाळायची, अशा नाना खटपटी झाल्या.

एवढे लोक या बांबूच्या मागे का लागले? कारण बांबूची ताकद खरोखरच अफाट आहे. बांबू उभा चिरून बघा. आत लांबच लांब धागे दिसतील. सालीकडे ते दाट, आतल्या बाजूला विरळ. या धाग्यांमुळे बांबू ओढ सोसतो. शिवाय वजन! एक घनमीटर पोलादाचं वजन ७,८५० किलो. तेवढ्याच बांबूचं साधारण ७०० किलो. म्हणजे पोलाद अकरा पटींनी जड. वजनाच्या हिशेबानं ताकद मोजली तर चांगला बांबू साध्या पोलादालाही मागं टाकतो. ‘बांबू लोखंडापेक्षा मजबूत’ असं जे आपण ऐकतो, ते इथून आलं.

पण इथं एक गोम आहे.

समजा, एक चौरस सेंटिमीटर जाडीची, एक मीटर लांबीची सळई छताला टांगली आणि तिला खाली एक टन वजन लावलं. सळई ताणली जाईल. किती? सुमारे अर्धा मिलिमीटर. डोळ्यांना कळणारही नाही. आता तेवढ्याच जाडीची, तेवढ्याच लांबीची बांबूची कामटी टांगा आणि तिलाही एक टन वजन लावा. कामटी चांगली असली तर तुटायची नाही. शाबास! पण ती ताणली जाईल सहा-सात मिलिमीटर. म्हणजे सळईच्या बारा-तेरा पट.

आता हीच कामटी स्लॅबच्या पोटात आहे असं समजा. ती तुटत नाही हे खरं, पण ताण आपल्या अंगावर घेण्याआधी ती लांब होते. काँक्रीटला तर लांब होणं माहीतच नाही. मग ते तडकतं. स्लॅबला खालून भेगा पडतात, तो मधोमध झोळीसारखा लोंबतो. क्लेमसनच्या तुळयांनाही भेगांनी आणि झोळानं सतावलं. एखाद्या मित्राला “मला पकड” म्हणून आपण मागे झुकावं आणि त्यानं आपल्याला जमिनीपासून वीतभर अंतरावर पकडावं, तसंच हे. त्यानं पकडलं खरं, पण तोवर आपला जीव गेलेला!

आणि ही एकच अडचण नाही. बांबूची सुकी कामटी घ्या. तिची रुंदी आणि लांबी पट्टीनं मोजून वहीत लिहा. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी परत मोजा. लांबी जवळजवळ तेवढीच राहील, रुंदी थोडी वाढेल. मग आठवडाभर वाळवून पुन्हा मोजा. ओलं काँक्रीट ओततो तेव्हा त्यातलं पाणी बांबू असाच पितो आणि फुगतो. पुढं काँक्रीट घट्ट होतं आणि बांबू वाळतो, आकसतो. त्याच्याभोवती बारीकशी पोकळी राहते. पकड सुटली. आता तो बांबू काँक्रीटमध्ये आहे, पण काँक्रीटचा नाही. सळईला खाच्या-कंगोरे असतात, काँक्रीट त्यांना धरून राहतं. शिवाय ऊन लागलं की लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारख्याच प्रमाणात फुगतात. नशीबच म्हणायचं ते! या दोघांचं जमतं ते उगाच नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते. काँक्रीट आतून चुन्यासारखं खारं असतं. या खारेपणामुळे सळईवर एक पातळ कवच तयार होतं आणि ती गंजत नाही. पण तोच खारेपणा बांबूच्या धाग्यांना जोडणाऱ्या द्रव्याला हळूहळू खातो. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष! त्यात भेगेतून ओल आली, बुरशी आली, वाळवी आली की झालंच. आणि हे सगळं काँक्रीटच्या आत, आपल्याला न दिसता. लाकडी खांब कुजला तर आपण ठोकून बघतो, बदलतो. स्लॅबच्या आतला बांबू कसा बदलणार? २०१८ साली काही इंजिनिअरांनी तोवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि स्पष्टच लिहिलं की काँक्रीटमध्ये सळईऐवजी बांबू घालणं हा चांगला पर्याय नाही. हे लोक बांबूचे शत्रू नव्हेत बरं का. बांबूची घरं बांधण्यातच त्यांचं आयुष्य चाललं आहे.

काही ठिकाणी तर हा प्रयोगही नसतो, निव्वळ लबाडी असते. २०१६ साली बांगलादेशात दर्शना या गावी एका सरकारी इमारतीच्या काँक्रीटमध्ये सळयांच्या जागी बांबूच्या कामट्या निघाल्या आणि मोठा गहजब झाला. प्लास्टर झाल्यावर कुणाला काय दिसणार, हा त्यातला डाव.

मी हे सगळं त्या मुलाला सांगत होतो, तेव्हा त्याचे आजोबा येऊन बसले होते. ते इतका वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बांबू कोंडायचा नसते बाबू. त्याले वारा लागते.” आणि आम्हाला मागच्या जुन्या घराकडे घेऊन गेले.

जुनं घर कुडाचं. येनाचे खांब, मधे बांबूच्या कामट्यांची घट्ट वीण, तिच्यावर दोन्ही अंगांनी माती, शेण आणि धानाच्या तणसाचा लेप. वर बांबूचे वासे आणि कवेलू. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं, पण आत शिरल्यावर हायसं वाटलं. आता इथं नीट बघा, दोस्तांनो. मातीला ताण सोसत नाही, अगदी काँक्रीटसारखंच. तो ताण कोण सोसतंय? कामट्यांची वीण! म्हणजे ज्याला आपण आज इंग्रजीतून आलेल्या मोठ्या नावानं ओळखतो, ती युक्ती या कुडात होतीच. मोनिएच्या कुंड्यांच्याही किती आधीपासून. फरक इतकाच, की माती मऊ आहे. बांबू थोडा ताणला, थोडा फुगला तरी ती त्याच्याबरोबर हलते. एखादी भेग पडली तर दिवाळीच्या आधी पोतेरा फिरवला की बुजते.

आजोबांनी एका कोपऱ्यात कुडाचा तळ दाखवला. जिथं कामट्या थेट जमिनीत गेल्या होत्या तिथं वाळवीनं त्यांचा भुगा केला होता. दुसऱ्या बाजूला त्यांनी खाली हातभर दगडांचा ओटा करून त्यावर कूड उभा केला होता. तिथं कामट्या ठणठणीत! “पाय कोरडे, डोक्यावर टोपी,” आजोबा म्हणाले. म्हणजे खाली दगडाचा ओटा आणि वर छपराची लांब पडवी, पावसाचं पाणी भिंतीला लागू न देणारी. बांबूचं घर बांधणारे जगभरचे इंजिनिअरही नेमकं हेच सांगतात.

अशा घरांचा आणखी एक गुण भूकंपात कळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसं दगडामातीच्या जाडजूड भिंतींखाली गाडली गेली. जड भिंत कोसळली की जीव घेते. दक्षिण अमेरिकेत कोलंबियामध्ये जानेवारी १९९९ मध्ये मोठा भूकंप झाला. तिथल्या बांबू-मातीच्या चांगल्या राखलेल्या घरांनी तो बऱ्यापैकी निभावून नेला. ती हलकी होती, हलली, पण पसरली नाहीत. आपल्याकडेही राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूच्या बांधकामाचं प्रकरण आलेलं आहे. म्हणजे बांबू हा गरिबाचा नाइलाज राहिलेला नाही, त्याचे हिशेब इंजिनिअर मांडतात.

मात्र एक अट आहे. बांबूत साखर आणि पिष्ट असतं, ते खायला भुंगे येतात. बांबूच्या टोपलीखाली कधी बारीक पिवळसर पीठ सांडलेलं पाहिलंय? ती त्यांचीच करामत! म्हणून बांबू कधी तोडायचा, याला महत्त्व. पावसाळ्यात बांबू कोंबांना जेवू घालत असतो, तेव्हा तोड बंद. थंडीच्या दिवसांत तोडायचा. अनेक गावांत अंधाऱ्या पक्षातच तोडायची रीत आहे. तोडल्यावर काही आठवडे नाल्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे साखर धुऊन जाते. हल्ली टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आणि बोरिक ॲसिड यांच्या द्रावणात भिजवतात. भुंग्यांना ते मानवत नाही. पण पावसात हे औषधही धुऊन जातं, तेव्हा टोपी हवीच.

मग लोखंडाच्या जागी बांबू कुठंच चालत नाही का? चालतो की! त्यासाठी आलापल्लीहून परत फिरून चंद्रपूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल. वणी-वरोरा महामार्गावर, रस्त्याच्या कडेला, मार्च २०२३ मध्ये २०० मीटर लांबीचा बांबूचा कठडा बसवला गेला. घाटात किंवा वळणावर गाडी रस्त्याबाहेर जाऊ नये म्हणून पोलादी पत्र्याचा कठडा असतो ना, त्याच्याऐवजी हा. नाव ठेवलं ‘बाहुबली’! जगातला असा हा पहिलाच कठडा, असं त्या वेळी सांगितलं गेलं. तो रस्त्यावर लावण्याआधी मध्य प्रदेशात पीथमपूरला, जिथं मोटारींच्या चाचण्या होतात, तिथं त्याची परीक्षा झाली. आगीत किती टिकतो, ते रूडकीच्या संस्थेत तपासलं. बांबूला क्रिओसोट तेल पाजलं आणि वरून जुन्या प्लॅस्टिकपासून केलेलं आवरण चढवलं. यात वापरलेला बांबू मात्र आपला मानवेल नव्हे, बाल्कोवा जातीचा जाड बांबू आहे.

आता विचार करा. स्लॅबमध्ये जो बांबूचा दोष होता, लवण्याचा आणि ताणलं जाण्याचा, तो कठड्याच्या कामी अडचणीचा नाही. धडकलेल्या गाडीचा धक्का पोटात घ्यायचा तर थोडं लवायलाच हवं. आणि कठडा उघड्यावर आहे. त्यातला एखादा बांबू बिघडला तर दिसेल, काढून दुसरा बसवता येईल. अर्थात, २०० मीटर म्हणजे नमुनाच. दहा पावसाळे खाऊन तो कसा उभा राहतो, त्यावर पुढचं ठरावं असं मला वाटतं.

बांबूचा एक मोठा शत्रू अजून सांगायचा राहिला. आग. चंद्रपूरहून मूलला जाताना चिचपल्ली लागतं. तिथं २०१४ साली महाराष्ट्र शासनानं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना केली. आसपासच्या गावातल्या तरुण मुलामुलींना तिथं बांबूकाम शिकवलं जातं. फेब्रुवारी २०२१ मध्ये या केंद्राच्या बांबूच्या मोठ्या इमारतीला आग लागली आणि तिचा बराच भाग जळून गेला. उंच, मोकळी, सुकलेल्या बांबूची इमारत. ज्वाळांना आणखी काय हवं? कुडाच्या भिंतीवरचा मातीचा लेप आठवतो का? तो ऊन अडवतो, पाऊस अडवतो आणि आगीलाही आत शिरू देत नाही. नुसता उघडा बांबू दिसायला छान दिसतो, पण त्याला राखायला माणूस आणि पाणी जवळ लागतं.

आता शेवटचा, जरा मोठ्यांचा वाटेल असा प्रश्न. हा बांबू कुणाचा? तुम्ही म्हणाल, जंगलातला म्हणजे सगळ्यांचा. पण इंग्रजांच्या काळात १९२७ साली झालेल्या वन कायद्यानं बांबूला ‘झाड’ ठरवलं. गवताला झाड! मग तो तोडायला, न्यायला परवानगी लागू लागली. इकडचा बांबू वर्षानुवर्षं गाड्या भरभरून बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जात होता. तुम्ही ज्या वह्यांवर लिहिलं, त्यांतल्या काहींचा कागद याच जंगलातला असेल. पण बांबूच्या शेजारी राहणाऱ्या गावाला मात्र तो विकायची मोकळीक नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं. गडचिरोली जिल्ह्यातल्याच धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे छोटंसं गाव. २००९ साली त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मग २०१७ साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेर, म्हणजे शेताच्या बांधावर वाढलेला बांबू ‘झाड’ राहिला नाही.

बुरूडकाम करणाऱ्या एका कारागिराला मी विचारलं, या सगळ्यानं काय फरक पडला? तो कामट्या सोलत होता. सुरी न थांबवता म्हणाला, “टोपलं विकलं का टोपल्याचे पैसे भेटतेत. घर बांधून दिलं त घराचे भेटन. पण बांबू तीन वर्साचा पायजे. कोवळा तोडाल त घरबी जाईन अन् बेटबी.”

आठवीतल्या त्या मुलाच्या मामांनी स्लॅबला सळईच घातली. पुढच्या छपरीसाठी मात्र आजोबांनी नाल्याच्या पाण्यात पंधरा मानवेल आधीच बुडवून ठेवले होते. मुलगा मला ते दाखवायला घेऊन गेला. दगड ठेवून दाबलेले, हिरवट-काळे पडलेले, त्यांच्या पेरांमधून बारीक बुडबुडे येत होते.

आलापल्लीला जायचं तर दिवाळीनंतर जा. सिरोंच्याच्या वाटेवर ‘वनवैभव’ नावाचा सहा हेक्टरांचा जुना जंगलाचा तुकडा राखलेला आहे. २०१४ साली महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ म्हणून तो जाहीर झाला. मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी तिथल्या सागांचा शेंडा दिसत नाही. त्याच भागात कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत. पूर्वी ते लाकडाचे ओंडके ओढत. त्यांच्यासमोर बांबूचा हिरवा डहाळा धरला तर सोंडेनं अलगद काढून घेतात आणि कडकडा चावून खातात. डहाळा धरायचा तो माहुताला विचारून, आणि दोन पावलं लांब उभं राहून.